दोन नळ्यांचे इब्राहिमभाई

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पाण्याखाली श्वास घेण्याच्या यंत्राला पूर्वी दोन नळ्या असत आणि पुढे एकच उरली. जगभर हा बदल फारशी झटापट न होता पार पडला. ऑस्ट्रेलियात झाला, अमेरिकेत झाला, युरोपात झाला. फक्त दुबईच्या खाडीवर एका माणसाने तो एकट्याच्या बळावर जवळजवळ वर्षभर रोखून धरला. त्या माणसाचं नाव इब्राहिम होडेकर, मूळ मुक्काम रत्नागिरीकडचा एक खाडीकाठ. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख नाही. ती उणीव मी आज भरून काढतो आहे. सर्वांनी कृपया उभं राहावं. बसून ऐकलंत तरी चालेल, पण इब्राहिमभाई स्वतः बसले नसते.

"डॅड, वॉज ही फेमस?" माझी धाकटी विचारते.

"खाडीच्या दोन्ही काठांवर," मी सांगतो. ती परत टीव्हीकडे वळते. तिला दुबईत काठ असतात हेच ठाऊक नाही, तिच्या लेखी दुबईत फक्त पार्किंग असतं.

गोष्ट साठच्या दशकाच्या मधल्या वर्षांची आहे. अमिरात हे नाव अजून जन्मायचं होतं आणि दिरहॅमही जन्मायचा होता. बाजारात रुपयेच चालत, त्यामुळे भाव ऐकला की मनातल्या मनात गुणाकार करत उभं राहायची आजची सवय कुणाला नव्हती. समुद्रात काम करणाऱ्या एका कंपनीत मी स्टोअरकीपर होतो. कंपनी जहाजांचे नांगर सोडवायची, बुडालेल्या लाँचा वर काढायची, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांच्या साखळ्या तपासायची. माझं स्टोअर म्हणजे पत्र्याचं एक गोदाम. दुपारी त्याच्या छपरावर अंडं फोडलं तर शिजेल असं सगळे म्हणत. आम्ही एकदा फोडलं. शिजलं नाही, नुसतं वाळलं.

कंपनीत डायव्हर दोन. एक पिंटो, गोव्याचा, माझ्याच वयाचा, गिटार वाजवणारा. दुसरे इब्राहिमभाई. वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे, अंगाने सडपातळ, आणि जमीन म्हणजे जणू तापलेला तवा अशा बेताने तिच्यावर वावरणारे. मी मुरुडचा, ते रत्नागिरीकडचे, म्हणजे त्यांच्या हिशोबाने मी परदेशीच. तरी भाषा एक, म्हणून त्यांनी मला आपला मानलं आणि "काझी" म्हणून हाक मारायला सुरुवात केली. हाक मारून माझ्या उत्तरासाठी मात्र ते कधी थांबले नाहीत.

थांबणं हा प्रकारच त्यांना जमत नसे. चहा ते चालता चालता प्यायचे आणि चहावाला मलबारी ग्लास परत मिळवण्यासाठी धक्काभर त्यांच्या मागे फिरायचा. बाकावर बसलेच तर एक पाय असा हलायचा, की बाकावरचे बाकी सगळे जहाजात बसल्यासारखे डोलायचे. जुम्म्याला नमाज पहिल्या रांगेत, पण बाहेर चपलेत पहिला पाय त्यांचाच. उघड्यावरच्या सिनेमाला जायचे, मध्यंतरापर्यंत थांबायचे आणि उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पिंटोकडून ऐकायचे. तीही अर्धीच. एकदा खाडीकाठच्या देऱ्याच्या बाजारात न्हाव्यासमोर बसले असताना खाडीत लाँचचा भोंगा वाजला. इब्राहिमभाई उठले ते थेट धक्क्यावर, एका गालाला साबण तसाच. न्हावी वस्तरा घेऊन मागे आला. दुसरा गाल त्याने धक्क्यावर चालता चालता पुरा केला. रक्ताचा थेंब आला नाही, यावरून तो न्हावी किती जुना होता हे कळावं.

"जमीन म्हणजे वेटिंग रूम, काझी," ते म्हणायचे. "वेटिंग रूममध्ये कुणी पलंग टाकतं का? यल्ला."

'यल्ला', म्हणजे अरबीत 'चला', हा त्यांचा पूर्णविराम होता. सलाम करायचे तेही "यल्ला, अस्सलाम आलैकुम" असं. लोक घाबरून रस्ता द्यायचे.

आणि त्यांचे दात. या दातांकडे सर्वांनी नीट लक्ष द्यावं अशी माझी विनंती आहे. शुभ्र, सरळ, एकसारखे, खाडीपलीकडून दिसावेत असे. देऱ्यातल्या एका फोटोवाल्याने त्यांचा हसरा फोटो मोठा करून दर्शनी काचेत लावला होता. तो फोटो बघायला ते दिवसाआड जायचे. उभे राहायचे नाहीत, नुसते समोरून जायचे आणि तिकडून परत यायचे. या दातांनी मी सोडावॉटरची बाटली उघडतो, गाठ पडलेला ओला दोर सोडवतो, असं ते छातीठोक सांगायचे. बाटली पुढे केली की म्हणायचे, "आज नको. आज मूड नाय." खुब्ज, म्हणजे इथली रोटी, चहात बुडवून खायचे, खजूर तोंडात धरून घोळवत बसायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "चव हळूहळू घ्यायची असते, तुम्ही सगळे जनावरं आहात." ज्या माणसाला न्हाव्यापुढे बसवत नव्हतं, तो खजुराला एवढा वेळ का देतो, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

आता त्यांना पाण्यात बघू या.

फुजैराच्या किनाऱ्यापाशी एका बोयाची साखळी तपासायची होती. तेव्हा फुजैरा म्हणजे खजुरांची झाडं, किल्ला आणि डोंगरातल्या दगडांतून दिवसभर लँडरोव्हर आपटत गाठायचा मुक्काम. पण पाणी असं, की तळाची वाळू हाताने उचलावी. मी सामान घेऊन गेलो होतो. सोबत होता खमीस, इब्राहिमभाई पाण्यात असताना त्यांच्या कमरेचा दोर वर बोटीत धरणारा. खमीस म्हातारा, इथलाच. तरुणपणी मोत्यांच्या बोटीवर होता. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून समुद्राच्या तळाशी उतरत होता. मोत्यांचा धंदा बसला आणि तो आमच्या कंपनीत आला. त्याच्याकडे तळाला काच बसवलेली एक लाकडी पेटी होती. ती पाण्यावर टेकवून आत बघितलं की समुद्राचं छप्पर काढल्यासारखं सगळं दिसायचं.

मी बघितलं. साखळीचं काम संपलं होतं. इब्राहिमभाई तळाशी वाळूवर बसले होते. मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर, घरच्या पडवीत बसावं तसे. पाय हलत नव्हता. मासे अगदी जवळून जात होते. बुडबुडे त्यांच्या मानेमागून निघून वर येत होते, तोंडासमोर काहीच नव्हतं, नुसतं निळं पाणी. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. माझीच मान दुखायला लागली.

"ते काय करतायत?" मी विचारलं.

खमीसने दोर बोटांत जरा घोळवला. "कुछ नहीं करता," तो म्हणाला. "अंदर ये आदमी कुछ नहीं करता. इसलिए जाता है."

वर येताच त्यांनी मास्क काढला, माझा चहाचा ग्लास उचलला, रिकामा केला आणि बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले. "यल्ला, निघा, निघा, रात्र करायची आहे का इथे?"

त्या मानेमागच्या बुडबुड्यांचं गुपित यंत्रात होतं. तेव्हाचं जुनं यंत्र असं: पाठीवर हवेची टाकी, तिच्या डोक्यावर पितळेचा एक डबा. त्या डब्यातून दोन जाड, घड्या घड्यांच्या रबरी नळ्या निघून दोन्ही खांद्यांवरून तोंडाशी यायच्या. एकीतून हवा आत यायची, दुसरीतून सोडलेला श्वास मागे जायचा आणि मानेमागे बाहेर पडायचा. ते चढवलं की माणूस दोन सोंडांच्या हत्तीसारखा दिसायचा. तोंडातला रबर डोक्यामागे पट्ट्याने बांधलेला असे, त्यामुळे तो दातांत फार घट्ट धरावा लागत नसे. हा पट्टा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

एके दिवशी लाकडी खोकी आली. कंपनीचे सुपरिंटेंडेंट ब्रॅडली साहेब, लाल चेहऱ्याचे, शांत स्वभावाचे इंग्रज, स्वतः खिळे काढायला बसले. आत नवं यंत्र होतं. टाकीवर एक छोटा ठोकळा, तिथून एकच बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला मुठीएवढी धातूची गोल डबी. ही डबीच तोंडात धरायची. ओढला श्वास की हवा हजर. सोडला की बुडबुडे तिथेच, हनुवटीपाशी. आत पाणी शिरलं तर डबीवरचं बटण दाबा, हवेचा एक झोत येतो आणि पाणी बाहेर. जुन्या यंत्रात पाणी शिरलं की अंग एका कुशीवर वळवून नळ्या रिकाम्या करण्याची कसरत करावी लागे.

पिंटो पहिल्याच दिवशी खाडीत उतरला आणि वर येऊन म्हणाला, "साहेब, माय गॉड, हे तर सोफ्यावर बसून श्वास घेतल्यासारखं आहे."

सगळे इब्राहिमभाईंकडे वळले. इब्राहिमभाई येरझाऱ्या घालत होते.

"साहेब," ते म्हणाले, "अल्लाने नाकाला भोकं किती दिली?"

"टू," साहेब म्हणाले.

"विचार न करता दिली असतील का?"

साहेबांनी शांतपणे समजावलं, की जुन्या यंत्रातही हवा एकाच नळीतून येते, दुसरी फक्त बाहेर सोडायला असते.

"तेच म्हणतोय ना मी. बाहेर जायला वेगळं दार पाहिजे. ज्या घरात पाहुणे आणि कचरा एकाच दारातून ये-जा करतात, तिथे तुम्ही जेवाल का?"

साहेब म्हणाले, "मिस्टर होडेकर, इट इज ओन्ली अ रेग्युलेटर."

"आणि आवाज. बुडबुडे तोंडावर, कानाजवळून. पाण्याखाली जाऊन मोटरबोटीत बसायचं असेल तर मोटरबोटीतच बसेन."

साहेब हसले आणि म्हणाले, सवय होईल. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. जुन्या यंत्राचे सुटे भाग आता येणार नाहीत. स्टोअरमध्ये जेवढ्या जोड नळ्या आहेत तेवढ्या संपेपर्यंत ज्याला वापरायच्या त्याने वापराव्यात. त्या संपल्या की नवं यंत्र. ज्याला ते नको, त्याने विंचवर बसावं. विंचला माणूस हवाच होता.

विंच म्हणजे बोटीवरचं दोर-साखळी ओढायचं यंत्र. ते चालवणाऱ्याला लोखंडी आसनावर दिवसभर एका जागी बसावं लागे. इब्राहिमभाईंच्या येरझाऱ्या पहिल्यांदाच मध्ये थांबल्या. क्षणभरच.

तेव्हापासून खाडीवर युद्ध पेटलं. एका बाजूला आखाताचं ऊन, दुसऱ्या बाजूला इब्राहिमभाई, मध्ये रबर. उन्हाने रबर घडीघडीला तडकायचं. इब्राहिमभाई काम संपलं की नळ्या गोड्या पाण्याने धुवायचे, आतून पावडर मारायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून पाण्याच्या माठाशेजारी निजवायचे. मोटरच्या ट्यूबचे तुकडे कापून ठिगळं लावायचे. एक नळी एवढी ठिगळाची झाली, की पिंटो तिला "आजी" म्हणायचा. "आजी कशी आहे आज?" "तुझ्यापेक्षा बरी आहे. तुझ्यासारखी बोंबलत नाही."

प्रचारही चालू होता. पिंटोच्या नव्या यंत्रात एक दिवस पाणी यायला लागलं. इब्राहिमभाईंनी धक्काभर बातमी पोचवली: बघा, बुडवणार तुम्हाला हे डबडं. पिंटोने डबी उघडली. श्वास बाहेर सोडण्याच्या रबरी झडपेखाली चिमूटभर वाळू होती. वाळवंटात वाळू कुठेही जाते, हे मान्य. पण ही वाळू टाल्कम पावडरच्या वासाची होती. पिंटोने ती फुंकली, झडप धुतली आणि गिटार काढून इब्राहिमभाईंवर एक गाणं रचलं. त्यांनी ते चालता चालता ऐकलं आणि चाल बरी आहे असं सांगितलं.

मलाही हा सगळा हट्टाचा तमाशा वाटत होता. मग एका दुपारी तमाशाचा पडदा माझ्यासमोर पडला, आणि पडला म्हणजे अगदी जमिनीवर पडला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीला गेले होते. मी किल्ली विसरलो म्हणून परत आलो. स्टोअरमध्ये रॅकमागे फुस्स फुस्स आवाज येत होता. डोकावलो, तर इब्राहिमभाई पाठमोरे उभे, बाजूला टाकी, आणि नवं यंत्र तोंडात. ते मान हळूहळू इकडून तिकडे वळवून बघत होते. मी म्हणालो, "अरे वा, इब्राहिमभाई." ते दचकून वळले. डबी तोंडातून निसटली आणि फरशीवर आपटून माझ्या पायाशी थांबली.

डबीच्या रबराला दात चावून बसले होते. वरचे आणि खालचे. तेच, फोटोवाल्याच्या काचेतले.

मी वर बघितलं. समोर एक म्हातारा उभा होता. इब्राहिमभाईंचा शर्ट घातलेला, गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले. म्हाताऱ्याने तोंडावर हात धरला.

"दार लाव, काझी," तो म्हणाला. खरं तर तो जे म्हणाला त्यात अर्धी अक्षरं नव्हती, पण मी दार लावलं.

मग त्यांनी कवळी धुतली, बसवली आणि सांगितलं. तरुणपणी ते रत्नागिरीहून आखाताकडे येणाऱ्या एका लाँचवर होते. तिथे विंचचा दांडा उलटा फिरला आणि तोंडावर बसला. काही दात तिथेच गेले, उरलेले मागाहून काढावे लागले. मुंबईत एका चिनी डॉक्टरने कवळी करून दिली. "अशी केली की माझे स्वतःचे इतके चांगले नव्हते," इब्राहिमभाई म्हणाले. लग्न त्यानंतर झालं. बायकोलाही माहीत नाही. कंपनीचा नियम असा, की डायव्हर व्हायचं तर तोंडात दात पक्के पाहिजेत. तपासणीच्या दिवशी डॉक्टर घाईत होता. "मी हसलो. त्याने सर्टिफिकेट दिलं. म्हणाला, टूथपेस्टच्या जाहिरातीत जा."

जुन्या यंत्राला पट्टा होता, रबर हलका होता, निभावत होतं. नव्याची डबी जड. मान वळवली की कवळीसकट खाली ओढायची.

"काढून ठेवा मग," मी म्हणालो. "हिरड्यांनी धरून बघा."

"बोटीवर? सगळ्यांसमोर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना लुंगी काढायला सांगितलं होतं. "आणि ब्रॅडली बघेल. दात नाहीत म्हणजे डायव्हर नाही. मला विंचवर बसवतील, काझी. जिने दात घेतले तिच्याच मांडीवर."

त्या दिवसापासून मी कटात सामील झालो. आम्ही कवळीला डिंक लावून बघितला, कणीक लावून बघितली, खजुराचा लगदा लावून बघितला. लगद्याने मात्र इतकी पक्की बसली, की संध्याकाळपर्यंत निघेना आणि इब्राहिमभाई त्या दिवशी प्रथमच गप्प होते. जबडा बळकट व्हावा म्हणून बुचाचा तुकडा दातांत धरून ते धक्क्यावर फिरायचे. कुणी सलाम केला की नुसती मान हलवायचे. लोक म्हणाले, होडेकर हल्ली फार मोठे झाले. आणि मी मनातल्या मनात हसायचो. नाकाची भोकं काय, पाहुण्यांचं दार काय, बुडबुड्यांचा आवाज काय, एवढी मोठी भाषणं, आणि सगळ्यांच्या मुळाशी एक कवळी.

उन्हाळा आला आणि आजी गेली. सकाळी गोणपाट उघडलं तर नळी घडीघडीला फाटलेली. स्टोअरमध्ये दुसरी उरली नव्हती. इब्राहिमभाईंनी ती हातात धरून इकडे वळवली, तिकडे वळवली. ब्रॅडली साहेबांनी नवं यंत्र पुढे केलं. इब्राहिमभाई म्हणाले, "माझं पोट ठीक नाही." साहेब म्हणाले, "देन द विंच, प्लीज."

खाडीच्या तोंडाबाहेर बोयाचं काम होतं. पिंटो खाली उतरला. त्याचा दोर खमीसने धरला. साहेब कठड्याशी, मी सामानाजवळ आणि विंचवर इब्राहिमभाई. त्यांचा पाय असा हलत होता, की बोट त्यानेच चालते आहे असं वाटावं. त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही. ते फक्त बुडबुड्यांकडे बघत होते.

बराच वेळ गेला. खमीसने दोर हळूच ओढला, खालून उत्तराचा झटका आला नाही. पुन्हा ओढला. मग मान वर न करता म्हणाला, "रस्सी मर गया."

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

सांगायला इब्राहिमभाई थांबले नाहीत, ते आसनावरून उठलेच होते. बुडबुडे एकाच जागी येत होते, म्हणजे पिंटो श्वास घेत होता पण हलत नव्हता. साखळी सरकून त्याचा पाय खाली अडकला असणार. टाकीत हवा होती, पण किती ते त्यालाच ठाऊक. इब्राहिमभाईंनी शिल्लक असलेलं नवं यंत्र उचललं, टाकी पाठीवर घेतली, साखळी उचकायला लोखंडी कांब हातात घेतली, डबी तोंडात धरली. डबी खाली झुकली. त्यांनी ती काढली. परत धरली. परत झुकली. कांबेला दोन्ही हात लागणार होते, डबीला धरायला तिसरा हात नव्हता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लांब होतो. खमीसचे दोन्ही हात दोराला. मग त्यांनी सरळ तोंडात बोटं घातली, वरची काढली, खालची काढली आणि जो हात सर्वांत जवळ होता त्यात ठेवली. तो ब्रॅडली साहेबांचा होता.

"फकला," इब्राहिमभाई म्हणाले. म्हणायचं होतं, पकडा.

आणि डबी हिरड्यांत दाबून ते पाण्यात गेले.

साहेबांनी एकदा तळहाताकडे बघितलं. मग मूठ मिटली आणि छातीशी धरली, घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तशी. आम्ही सगळे पाण्याकडे बघत होतो. आता बुडबुड्यांचे दोन झोत होते. खमीसच्या हाती एक मेलेला दोर होता आणि तो त्याच्याशी अरबीत काहीतरी पुटपुटत होता. मग त्याची बोटं एकदम ताठ झाली.

"जिंदा," तो म्हणाला.

पिंटो आधी वर आला. पाय सुजला होता, चेहरा पांढरा. मागोमाग इब्राहिमभाई. बोटीत चढून त्यांनी मास्क वर केला आणि डबी तोंडातून काढली. पिंटो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "मी गेलो आणि आजोबा घ्यायला आले."

कुणी हसलं नाही, कारण साहेब पुढे येत होते. त्यांनी मूठ उघडली. खिशातून रुमाल काढला, कवळी त्यात ठेवली, रुमालाची चार टोकं नीट दुमडली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. इब्राहिमभाईंनी ती घेतली, पण बसवली नाही. ते वाट बघत होते. वाट बघताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मिस्टर होडेकर," साहेब म्हणाले, "डॉक्टरला काय दिसतं ते डॉक्टरचं काम. मला कुणीतरी काहीतरी धरायला दिलं, मी धरलं. उद्या सकाळी तुम्ही डायव्ह करताय. खलास."

दुसऱ्या दिवशी मी फाटलेल्या आजीच्या तोंडाजवळचा डोक्याचा पट्टा कापला आणि नव्या डबीला बसवला. हिरड्या आणि पट्टा, काम भागलं. कवळी धरायचा प्रश्न खमीसने सोडवला. मोत्यांच्या बोटीवर, त्याने सांगितलं, पाण्यात उतरणारा आपला ताईत, अंगठी, काय असेल ते दोर धरणाऱ्याच्या हवाली करायचा. ज्याच्या हातात जीव, त्याच्याच हातात बाकीचं. तेव्हापासून इब्राहिमभाई कठड्यावर बसायचे, कवळी काढून खमीसला द्यायचे, खमीस ती आपल्या लांब झग्याच्या, कंदुऱ्याच्या खिशात टाकायचा आणि दोर धरायचा.

"तुला आधी माहीत होतं?" मी एकदा त्याला विचारलं.

"हबीबी, मैं उसका रस्सी पकड़ता," खमीस म्हणाला. "दांत का मालूम नहीं होगा?"

फोटोवाल्याच्या काचेतला फोटो मात्र तसाच राहिला आणि इब्राहिमभाई त्याच्यासमोरून जातच राहिले. पिंटोने गाण्याला एक कडवं वाढवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी त्यांना कामावर शेवटचं बघितलं ते पुन्हा फुजैराला. मला दुसरीकडे नोकरी लागली होती, तो माझा शेवटचा फेरा होता. पाणी तसंच होतं. साखळीचं काम संपल्याचा इशारा आला तेव्हा मी खमीसकडून काचेची पेटी मागून घेतली.

इब्राहिमभाई तळाशी वाळूवर बसले होते. मांडी घालून, हात गुडघ्यांवर. पण या वेळी बुडबुडे तोंडासमोरून उसळत होते, पांढरा पडदा फडफडावा तसे. मासे दूर वळसा घालून जात होते. त्यांनी मान डावीकडे केली, पडदा डावीकडे आला. उजवीकडे केली, तो उजवीकडे आला. त्यांनी श्वास रोखून बघितला. क्षणभर पाणी मोकळं झालं, पण श्वास किती रोखणार. मग त्यांचा एक गुडघा हलायला लागला. वाळूचा छोटा ढग उठला. ते उठले, साखळीला उगाच एक फेरी मारली, परत बसले, परत उठले आणि वर यायला लागले.

कठड्याला धरून त्यांनी मास्क सारला, पट्टा सोडवला, डबी बाजूला केली. खमीस खिशात हात घालत होता. त्याने कवळी पुढे केली तरी इब्राहिमभाईंनी ती घेतली नाही. तोंड पोकळ, केसांतून पाणी गळत होतं, आणि ते थेट माझ्याकडे बघत होते. जणू वर्षभरापासूनचा एक वाद आज मिटवायचा होता. मी वाकलो.

"काझी," ते बिनदातांनी म्हणाले, "दातांचं सोड. हे डबडं खरंच फार आवाज करतं."